माशांची खाणावळ आणि दोन महासागर

राजांच्या तहनाम्यांवरून इतिहास लिहिण्याची वहिवाट जुनी आहे. लोकांच्या ताटावरून तो लिहिण्याची कल्पना त्या मानानें नवी. परंतु ताट हेंहि एक दप्तरच होय. तहनाम्यांत जेत्याचें नांव असतें. ताटांत जेता, जित, व्यापारी, खलाशी, कोळी आणि गुलाम या सर्वांची हजेरी लागलेली असते. मात्र ती वाचतां आली पाहिजे. हें विधान आम्ही केवळ चमत्कृतीसाठीं करीत नाहीं. अलीकडे राष्ट्रें आपापल्या अन्नावर मालकी सांगूं लागलीं आहेत. २०१० सालीं युनेस्कोनें मेक्सिकोच्या परंपरागत पाककलेची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. २०२३ सालीं पेरू देशांतील 'सेविचे' या मासळीच्या पदार्थाशीं निगडित असलेल्या परंपरांना तोच मान मिळाला. असा मान मिळाल्याचा आनंद कोणासहि व्हावा. पण त्याबरोबरच 'अमुक अन्न आमचें' या म्हणण्याचा अर्थ तरी काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्याहि घरांतला प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठीं आम्हीं राजवाड्याचें मुदपाकखानें न निवडतां एक अगदीं साधें स्थळ निवडलें आहे : मेक्सिकोंतील माशांची खाणावळ.

स्पॅनिश भाषेंत 'मार' म्हणजे समुद्र. त्यावरून कोळंबी, खेकडे, कालवें, तिसऱ्या इत्यादि जलचरांस 'मारिस्को' म्हणतात, आणि ते जेथें खावयास मिळतात ती 'मारिस्केरिआ'. किनाऱ्यावर तिला पुष्कळदां भिंतीहि नसतात. चार खांबांवर झावळ्यांचें छप्पर, त्याखालीं प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर लिंबाच्या फोडींची बशी, मीठ, तिखटाच्या दोनचार बाटल्या आणि खाऱ्या बिस्किटांच्या पुड्या, एवढाच तिचा थाट. कामकरी, कारकून, मुलांबाळांसह आलेलीं कुटुंबें, सारीं एकाच पंक्तीस. उंच कांचेच्या पेल्यांत टोमॅटोच्या आंबटगोड रसांत पोहणारी उकडलेली कोळंबी येते. तिच्यावर कांदा, कोथिंबीर आणि अव्होकाडोच्या फोडी. मक्याच्या कुरकुरीत भाकरीवर लिंबाच्या रसांत मुरविलेली कच्ची मासळी पसरून आणतात, तेंच सेविचे. पॅसिफिक किनाऱ्यावरील सिनालोआ प्रांताचें 'आग्वाचिले' म्हणजे शब्दशः मिरचीचें पाणी : कच्ची कोळंबी, लिंबू आणि हिरवी मिरची. कालवें, कोळंबी, ऑक्टोपस वगैरे एकत्र केलेल्या एका पेल्याचें नांव तर 'वुएल्वे आ ला विदा', म्हणजे 'पुन्हां जिवंत हो'. आदल्या रात्रीं अधिक मद्य घेतलेल्यांचा तो सकाळचा उतारा. हें सर्व आज इतकें मेक्सिकन झालें आहे कीं, त्यांत परकें कांहीं असेल असें खाणाऱ्याच्या मनांतहि येत नाहीं. आपण तें ताट थराथरानें उलगडून पाहूं.

सर्वांत खालचा थर त्या भूमीचाच आहे. मिरची, टोमॅटो आणि अव्होकाडो यांचीं जगभर पसरलेलीं नांवें आस्तेकांच्या नहुआत्ल भाषेंतून निघालीं : चिल्ली, तोमात्ल, आवाकात्ल. आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान ही एका विस्तीर्ण सरोवरांतील बेटावर वसलेली होती आणि त्या सरोवरावर ती पोसली जात असे. कोर्तेसच्या सैन्यांतील बर्नाल दिआस देल कास्तियो या शिपायानें तेथील बाजाराचें जें वर्णन लिहून ठेवलें आहे, त्यांत सरोवराच्या पाण्यावरील शेवाळासारख्या सायीच्या वड्यांचाहि उल्लेख येतो. त्यांची चव त्यास चीजसारखी वाटली. सोळाव्या शतकांत बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मोपदेशकानें देशी लेखकांच्या साह्यानें नहुआत्ल भाषेंत बारा भागांचा ग्रंथ तयार केला. त्यांतील खाद्यांच्या यादींत मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या वाटलेल्या बिया घालून केलेली मासळी आहे. तेव्हां मासळी, मिरची आणि टोमॅटो यांची सोयरीक स्पेनच्या आगमनापूर्वींची, हें निश्चित.

भाकरीचीहि गोष्ट तशीच. मेक्सिकोंत मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, रात्रभर भिजवून, सालें काढून मग वाटतात. या क्रियेनें मक्यांत बद्ध असलेलें एक जीवनसत्त्व शरीरास लागूं पडतें. युरोपीयांनीं मका नेला, पण ही कृति नेली नाहीं. परिणामीं ज्या गरिबांचें सारें पोट मक्यावर आलें, त्यांच्यांत, विशेषतः उत्तर इटलींत, पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग पसरला. बीं समुद्रापार गेलें, विद्या मागें राहिली. ज्या बायांच्या हातीं ती विद्या होती, त्यांना कोणी विचारलेंच नव्हतें.

१५१९ सालीं कोर्तेस मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजीं तेनोच्तित्लान पडलें. मधल्या १५२० सालीं देवीच्या सांथीनें जें केलें, तें तलवारीलाहि साधलें नसतें. या थरांत कांदा, लसूण, कोथिंबीर, तांदूळ, ऑलिव्ह आणि लिंबू आलें. वेराक्रूस बंदराची प्रसिद्ध मासळी पाहा : तांबोशीच्या जातीचा मासा, टोमॅटो आणि मिरची हे इकडचे, तर ऑलिव्ह आणि केपरच्या खारवलेल्या कळ्या भूमध्यसमुद्राच्या. एका भांड्यांत दोन्ही किनारे शिजले आहेत.

लिंबाचा प्रवास याहून लांबचा. त्याचें माहेर दक्षिण व आग्नेय आशिया. आमच्या निंबूचें इराणांत 'लीमू' झालें, अरबांनीं तें पश्चिमेस नेलें आणि स्पेनमध्यें त्याचें 'लिमोन' झालें. १४९३ च्या दुसऱ्या सफरींत कोलंबसनें या कुळांतील फळांचें बियाणें अमेरिकेंतील बेटांवर नेलें. आज मेक्सिकोंत ज्याला 'लिमोन' म्हणतात, तें आमचें कागदी लिंबूच होय. सेविचेचा जन्म कोठला, याविषयीं पंडितांत वाद आहे. कोणी त्याचा संबंध 'सिकबाज' या मूळच्या इराणी आंबट कालवणाशीं आणि त्यावरून निघालेल्या स्पॅनिश 'एस्काबेचे'शीं लावतात. कोणी दक्षिण अमेरिकेच्या देशी भाषांशीं. तर कोणी फिलिपिन्स बेटांतील 'किनिलाव' या शिरक्यांत मुरविलेल्या मासळीकडे बोट दाखवितात. वाद कसाहि मिटो. लिंबावांचून मेक्सिकोचें सेविचे होत नाहीं आणि लिंबू त्या भूमीचें नव्हे, एवढें खरें. त्या रसांतील आम्लानें मासळींतील प्रथिनें घट्ट होतात व ती शिजल्यासारखी पांढरी दिसते; मात्र विस्तवाप्रमाणें रोगजंतूंचा नाश होईलच असें नाहीं. म्हणून हें अन्न मुळांत कोळ्याच्या होडीजवळच्या माणसाचें.

मासळीला जो मान मिळाला, त्यांत धर्माचाहि वांटा आहे. कॅथलिक शिस्तीप्रमाणें उपासाच्या शुक्रवारीं आणि ईस्टरपूर्वींच्या व्रतकाळांत मांस वर्ज्य, परंतु मासा चालतो. किनाऱ्यापासून दूर राहणारे लोक या दिवसांत सोड्यांचीं भजीं करून मिरचीच्या रश्श्यांत सोडतात. आजहि माशांच्या खाणावळींत सर्वांत मोठी गर्दी होते ती याच दिवसांत. धर्मानें व्रत म्हणून सांगितलें, जिभेनें त्याचा सण केला. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्यांच्या भाषेंत आहे, त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

येथपर्यंत एकाच महासागराची गोष्ट झाली. पण मेक्सिकोला दोन समुद्र आहेत, आणि दुसऱ्याची कथा अधिक विस्मयकारक आहे. १५६५ सालीं आंद्रेस दे उर्दानेता या दर्यावर्दी धर्मगुरूनें फिलिपिन्सहून मेक्सिकोस परत येण्याचा वाऱ्याचा मार्ग शोधून काढला. १५७१ सालीं स्पेनच्या सरदारांनीं मनिला येथें आपली राजधानी केली. तेव्हांपासून १८१५ पर्यंत, सुमारें अडीचशें वर्षें, मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान प्रचंड गलबतें ये-जा करीत होतीं. येतांना तीं चीनचें रेशीम व चिनी मातीचीं भांडीं, मसाले आणि हिंदुस्थानचें सुती कापड आणीत. जातांना मेक्सिकोची चांदी नेत. त्या चांदीचा ओघ नाना वाटांनीं सुरतेपर्यंत पोंचे आणि तेथील टांकसाळींत वितळून तिचे रुपये होत.

रेशीम श्रीमंतांकडे गेलें. गरिबांच्या खाणावळींत आलें तें गलबतावरच्या खलाशांबरोबर. फिलिपिन्सचे पुष्कळ खलाशी त्या जीवघेण्या सफरीला कंटाळून आकापुल्कोस उतरत आणि परत जातच नसत. ज्या झावळ्यांच्या छपराखालीं मेक्सिकोचा मनुष्य आज कोळंबी खातो, त्याला तो 'पालापा' म्हणतो. हा शब्दच फिलिपिन्सचा. कोलिमा प्रांतांत १५६९ च्या सुमारास पॅसिफिकमधील बेटांवरून नारळ आला, आणि माड तासून माडी काढण्याची विद्या या खलाशांनीं आणली. त्यांच्या भाषेंतील 'तुबा' हेंच माडीचें नांव कोलिमांत आजहि चालू आहे. तिच्यापासून ते दारूहि गाळूं लागले, आणि ती इतकी खपूं लागली कीं, १६१९ सालीं सेबास्तिआन दे पिनेदा नांवाच्या कप्तानानें स्पेनच्या राजाकडे तक्रार केली : हे लोक देशी लोकांस माडाची दारू करावयास शिकवितात, त्यामुळें स्पेनहून येणाऱ्या द्राक्षाच्या दारूस गिऱ्हाईक उरणार नाहीं; तेव्हां त्यांस परत पाठवावें. कोंकणांतील माडाच्या वाड्या आणि माडीवरचा सरकारी कर ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या तक्रारींतला सूर ओळखीचा वाटेल. माणसें परत गेलीं नाहींत. माड तर नाहींच नाहीं. मेक्सिकोचा एक आवडता आंबाहि 'मनिला' याच नांवानें विकला जातो.

खलाशी आपखुशीनें राहिले. पण त्याच गलबतांतून सांखळदंडांत आणलेलीं माणसेंहि उतरलीं. रोगराईनें देशी प्रजा खंगली, तशी स्पॅनिश मालकांना हातांची टंचाई भासूं लागली आणि आफ्रिका व आशिया या दोन्ही खंडांतून गुलाम आणण्यांत आले. आशियांतून आलेला कोणीहि असो, त्याला 'चिनो' म्हणत, मग तो चीनचा असो वा मलबारचा. यांपैकीं एका स्त्रीचें चरित्र उपलब्ध आहे. कातारिना दे सान हुआन ही हिंदुस्थानांत जन्मलेली मुलगी पोर्तुगीज चांच्यांनीं पळविली. कोचीन व मनिला या मार्गें ती मेक्सिकोंतील प्वेब्ला शहरीं विकली गेली. ती पुढें साध्वी म्हणून प्रसिद्ध झाली व १६८८ च्या जानेवारींत वारली. आलोन्सो रामोस या जेझुइट पाद्र्यानें तिचें मोठें चरित्र लिहिलें, त्यावर इन्क्विझिशननें बंदी घातली, आणि लोककथेनें तिचें नांव मेक्सिकोच्या एका रंगीबेरंगी स्त्रीवेषाशीं जोडून टाकलें. १६७२ सालीं आशियाई गुलामांस मुक्त करण्याचा हुकूम निघाला. आफ्रिकी गुलामांस फार वाट पाहावी लागली. वेराक्रूसजवळच्या डोंगरांत पळून गेलेल्या गुलामांचा नायक यांगा याच्यावर १६०९ सालीं फौज पाठविण्यांत आली, तरी तो नमला नाहीं आणि अखेर त्याच्या लोकांचें स्वतंत्र गांव सरकारला मान्य करावें लागलें. सर्वांच्या मुक्तीचा हुकूम मात्र १८२९ सालीं निघाला. तो काढणारा अध्यक्ष विसेन्ते गेरेरो हा स्वतः आफ्रिकी रक्ताचा होता.

या सागरी वाटेवर महाराष्ट्राच्या किनाऱ्याचाहि एक पुत्र भेटतो. वसईस जन्मलेला गोन्सालो गार्सिया मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन पंथांत शिरला आणि दुभाषी म्हणून जपानांत गेला. इकडे मेक्सिको शहरांत जन्मलेला फेलिपे दे हेसूस मनिलाहून मायदेशीं निघाला असतां त्याचें गलबत १५९६ सालीं जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें ज्या सव्वीस जणांस क्रूसावर चढवून मारलें, त्यांत हे दोघेहि होते. १८६२ सालीं चर्चनें दोघांस एकाच दिवशीं संतपद दिलें. वसईचा आणि मेक्सिकोचा मनुष्य एकाच टेंकडीवर मरतो, याचें कारण तींच गलबतें.

अलीकडील थर पातळ आहेत, पण गमतीचे आहेत. १८७३ च्या प्रारंभीं वेराक्रूस ते राजधानी हा लोहमार्ग खुला झाला आणि समुद्र डोंगरावरच्या शहराच्या जवळ आला. पेल्यांतील कोळंबीवर आज जें टोमॅटोचें 'केचप' ओततात, त्याचें नांव चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील माशांच्या खारवलेल्या रसाचें. इंग्रजांनीं तें उचललें, पुढें अमेरिकेनें त्यांत टोमॅटो घातला, आणि मेक्सिकोचा टोमॅटो चिनी नांव धारण करून माहेरीं परत आला. शेजारच्या बाटलींत 'साल्सा इंग्लेसा', म्हणजे इंग्रजी चटणी असते. ती मूळची वूस्टर गांवची, पण तिच्यांत चिंच आहे. आणि चिंचेचें युरोपीय नांव तर अरबांच्या 'तमर हिंदी'वरून, म्हणजे 'हिंदुस्थानचा खजूर' यावरून पडलें.

आतां ताट आमच्याकडे वळवूं. मिरची आमच्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत आली. तिला स्वतःचें नांवहि मिळालें नाहीं, मिऱ्यांचेंच नांव तिला चिकटलें. आज मिरचीवांचून मालवणी वा गोमंतकी कालवणाची कल्पनाहि करवत नाहीं. डहाणू-घोलवडचा चिकू मेक्सिकोकडचा. त्याच्या चिकाचें नहुआत्ल नांव 'त्सिक्त्ली', त्यावरून स्पॅनिश 'चिकोसापोते' आणि त्यावरून आमचा चिकू. परंतु याहून मार्मिक उदाहरण आमच्या उपवासाचें आहे. जें अन्न आम्ही सर्वांत सोवळें मानतों, त्या फराळांतील बटाटा, रताळें, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्याच्या कंदापासून आमचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सर्व अमेरिका खंडाचे. राजगिराहि तिकडचाच. आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ति घडवून त्यांचा प्रसाद वांटीत. म्हणून स्पॅनिश धर्माधिकाऱ्यांनीं त्या पिकावर वक्रदृष्टि केली. तेथें ज्या धान्यास धर्मानें बाहेर काढलें, त्यास येथें धर्मानें उपवासाच्या पाटावर बसविलें! मेक्सिकोंत राजगिऱ्याची वडी अजून विकतात. तिचें नांव 'आलेग्रिआ', म्हणजे आनंद. आणि वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे क्रांतिकारक देशांतराला जाऊन मेक्सिकोच्या चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत प्राध्यापक झाले व तेथील मक्यावर त्यांनीं संशोधन केलें. दिएगो रिवेरा या चित्रकारानें त्यांना आपल्या भित्तिचित्रांत स्थान दिलें. मिरचीचें ऋण एका मराठी माणसानें अशा रीतीनें अंशतः फेडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तर मग हें अन्न कोणाचें? बीं कोठून आलें हें पाहिलें, तर कोणाचेंच ताट संपूर्णपणें त्याचें ठरणार नाहीं. शुद्ध स्वदेशी ताट मागणाऱ्यास मेक्सिकोंत लिंबावांचून आणि महाराष्ट्रांत मिरचीवांचून जेवावें लागेल. अन्न आपलें होतें तें उगमानें नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं. पण एवढ्यावर थांबून 'सर्व जग एक कुटुंब आहे' असा गोड समारोप करणें हें इतिहासाशीं लबाडी करण्यासारखें होईल. त्या हातांतले कांहीं हात बेड्यांत होते. अन्न आपलें म्हणावयाचें, तर त्याचा हिशेबहि आपला म्हटला पाहिजे.

तो हिशेब अजून मिटलेला नाहीं. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोंकास 'वाकीता' नांवाचा शिंशुक राहतो. पृथ्वीवरील शिंशुकांत हा सर्वांत लहान. त्यास शास्त्रीय नांव १९५८ सालीं मिळालें, आणि आज त्यांतले दहाच्या आसपासच उरले आहेत. त्याला कोणी खात नाहीं. कोळंबीसाठीं आणि 'तोतोआबा' माशासाठीं टाकलेल्या जाळ्यांत तो अडकतो आणि श्वासावांचून मरतो. तोतोआबा हा आमच्याकडील घोळ माशाच्याच कुळांतला, आणि घोळीच्या बोताप्रमाणें त्याचाहि बोत चोरट्या वाटेनें पॅसिफिक ओलांडून चीनला जातो. त्या मासेमारीवर १९७५ पासून बंदी आहे. त्या भागांतील कल्ल्यांत अडकविणाऱ्या जाळ्यांवरहि २०१७ सालीं कायमची बंदी आली. पण कोळ्याच्या घरची चूल हुकुमानें पेटत नाहीं, म्हणून चोरटीं जाळीं पडतच राहतात. मनिलाच्या गलबतांची वाट अजून अशी जिवंत आहे.

झावळ्यांच्या छपराखालीं बसून कोळंबीवर लिंबू पिळणाऱ्या माणसाला हें सर्व ठाऊक असावें, असा आमचा आग्रह नाहीं; त्यानें सुखानें जेवावें. मात्र जो आपल्या पाककलेचा अभिमान बाळगतो, मग तो मेक्सिकन असो वा मराठी, त्यानें ताटावर हक्क सांगण्यापूर्वीं त्यांतलीं नांवें एकदां वाचावींत. तीं बहुतेक खलाशांचीं, बटकींचीं, कोळ्यांचीं आणि परागंदा झालेल्यांचीं आहेत.